थंडीतली गाडी: उभी तापवावी की चालवत तापवावी?

पारनेर तालुक्याची थंडी ज्याने अंगावर घेतली आहे त्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. हा कमी पावसाचा, उघड्या माळाचा मुलूख. हवा कोरडी आणि हिवाळ्यात आभाळ बहुधा स्वच्छ. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे टाकत राहते आणि सूर्य उगवायच्या थोडे आधी पारा सगळ्यात खाली जातो. डिसेंबर-जानेवारीत नगर भागात तो ७-८ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. दुपारी सदऱ्यावर फिरणारा माणूस पहाटे घोंगडी पांघरून शेकोटीजवळ बसतो.

नेमक्या त्याच वेळी आपल्या माणसांच्या गाड्या सुरू होतात. राळेगणसिद्धीत पाणी अडवण्याची कामे झाली, चारापाणी वाढले, त्याबरोबर दूधही वाढले. दुधाची गाडी उजाडायची वाट पाहत नाही. कांदा भरलेला पिकअप नगरच्या बाजाराला वेळेत पोचला पाहिजे. सुप्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला माणसे नेणारी गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर वीस जणांचा खाडा लागतो. वडापच्या जीपवाल्याने पहिला नंबर गाठला नाही तर त्याची पुढची खेपही मागे पडते. या गाड्यांच्या स्टेअरिंगवर बसणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरांतला असतो. गाडी मालकाची असते नाहीतर फायनान्सची, आणि हप्ता मात्र घरच्या चुलीतून जातो. म्हणून इंजिनाची गोष्ट ही मेकॅनिकच्या गॅरेजातली गोष्ट आहे असे समजून आमच्या भगिनींनी हे पान उलटू नये. इंजिन लवकर बसले तर पहिला फटका घरालाच बसतो, आणि इंजिनाचा धूरही पहिला घरातच शिरतो.

पद्धत सगळीकडे एकच दिसते. चालक पहाटे उठतो, सेल्फ मारतो, गाडी धडधडू लागली की दोन-चार वेळा जोरात रेस देतो आणि ती तशीच चालू ठेवून तोंड धुवायला, चहा घ्यायला आत जातो. दहा मिनिटे, कधी पंधरा, कधी वीस. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले, "इंजिन तापू दे. थंड गाडी काढली तर इंजिन खराब होतं." हे उत्तर बापाने मुलाला दिलेले असते, उस्तादाने क्लीनरला दिलेले असते. ते अगदी खोटे नाही. पण ते ज्या गाड्यांसाठी आणि ज्या थंडीसाठी होते त्या गाड्या आता बहुतेक राहिल्या नाहीत, आणि ती थंडी आपल्याकडे कधी नव्हतीच.

आधी थंडीचे पाहू. नगर जिल्ह्यातून सैन्यात गेलेली माणसे पुष्कळ, आणि त्यांत वाहनचालकही होते. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे हे स्वतः सैन्यात ट्रकचालक होते. १९६५ च्या युद्धात ते खेमकरण भागात गाडी चालवत होते आणि १९७५ साली सैन्यातून गावी परतले. अशी माणसे गावोगाव परत आली तेव्हा शिस्तीबरोबर गाडीची शिस्तही घेऊन आली. जबलपूरच्या कारखान्यात बनलेला शक्तिमान ट्रक लडाखात चालवणाऱ्या जवानाने इंजिन तापवल्याशिवाय गाडी हलवली नाही तर ते बरोबरच होते. तिथे पारा शून्याखाली वीस-वीस अंश जातो. साधे डिझेल तिथे दाट होते, त्यात मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल काढले, ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. यावरून तिथली थंडी काय असेल ते समजावे. आपल्या पारनेरला पारा सहावर आला की वर्तमानपत्रात बातमी येते. अंगाला ती थंडी झोंबते हे खरे, पण इंजिनाच्या हिशेबात ती किरकोळ आहे. लडाखचा नियम पारनेरला लावला तर डिझेल जाळण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

आता गाड्यांचे. थंडीत इंजिनाच्या पोटात काय होते ते एकदा समजून घेतले म्हणजे कोणत्या गाडीला किती थांबायचे हे ज्याचे त्याला ठरवता येते.

थंडीत बाटलीतले खोबरेल थिजते हे घरोघर माहीत आहे. इंजिनातले ऑइल थिजत नाही, पण दाट होते. रात्रभर गाडी उभी असली की ते सगळे खाली चेंबरमध्ये उतरून बसलेले असते. सेल्फ मारल्यावर पंप ते उचलतो आणि वरच्या भागापर्यंत पोचवतो. याला काही सेकंद लागतात. डॅशबोर्डवर किटलीच्या चित्राचा तांबडा दिवा असतो, तो विझला म्हणजे ऑइलचा दाब आला. हे जे पहिले काही सेकंद आहेत, त्यांत लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडेच घासत असते. म्हणजे ज्या क्षणी आपले चालक बंधू मर्दानी रेस देतात तोच क्षण इंजिनाला सगळ्यात नाजूक असतो. "जोरात रेस दिली की लवकर तापते" या समजुतीने जितकी इंजिने झिजली असतील तितकी थंडीने झिजली नसतील, असे आम्हाला वाटते.

ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते आणि लवकर वर चढते. पूर्वी एकाच आकड्याचे, ४० नंबरचे ऑइल सर्रास वापरत. ते थंडीत फार दाट होई आणि म्हणून गाडी उभी करून तापवण्याला अर्थ होता. आता दोन आकड्यांचे ऑइल सगळीकडे मिळते. कंपनीच्या पुस्तकात जो आकडा लिहिला आहे तोच टाकावा. दुकानदार "हे जरा जाड आहे, इंजिनाला चांगलं" म्हणून दुसरा डबा पुढे करतो तेव्हा पुस्तक दाखवावे.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत कार्बोरेटर असे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, हवेत ते नीट मिसळत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावे लागे. नगरच्याच कायनेटिकची लुना ज्यांनी चालवली आहे त्यांना पहाटेचे ते पायडल मारणे आठवत असेल. चोक न सोडता गाडी पुढे दामटली की प्लग काळा होई, आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढी. अशा गाडीला दोन-तीन मिनिटे उभे राहून चोक हळूहळू आत सारणे भागच होते. आजही कोणाकडे कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल असेल तर तिला एवढा वेळ द्यावा. पण गाडी स्थिर चालू लागताच चोक बंद करावा. एप्रिल २०२० पासून नव्या नियमाच्या, म्हणजे बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांत बहुतेक दुचाकींना कार्बोरेटर राहिला नाही. इंजिन किती थंड आहे हे तिथला सेन्सर ओळखतो आणि पेट्रोल किती द्यायचे ते गाडी स्वतःच ठरवते. मुलगी स्कूटीवर कॉलेजला निघाली असेल तर तिला "पाच मिनिटे तापव" म्हणून अंगणात अडवण्याचे कारण नाही.

डिझेलची तऱ्हा निराळी. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी गरम करतात की त्यात उडवलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिनाचा ब्लॉक थंड असला की ही ऊब तो शोषून घेतो, डिझेल अर्धवट पेटते, गाडी खडखडते आणि पांढरा धूर सोडते. हा पांढरा धूर म्हणजे बहुतांशी न जळलेले डिझेलच. प्यूजो इंजिनाची महिंद्रा जीप, टेम्पो ट्रॅक्स अशा जुन्या गाड्यांत यासाठी हीटर प्लग असत. चावी अर्धी फिरवायची, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल्फ मारायचा. घाईत चालक हे थांबणे टाळतो, मग सेल्फवर सेल्फ मारतो, बॅटरी बसते आणि सगळ्यांना गाडी ढकलायला बोलावतो. पुढे ही घाई भरून काढायला म्हणून गाडी वीस मिनिटे उभी तापवतो. सुरुवातीचे दहा-पंधरा सेकंद थांबला असता तर यातले काहीच करावे लागले नसते. नव्या पिकअपमध्येही पिवळ्या स्प्रिंगच्या चित्राचा दिवा असला तर तो विझू द्यावा.

मग गाडी सुरू झाल्यावर थांबायचे किती? आजच्या बहुतेक गाड्यांना अर्धे मिनिट ते एक मिनिट पुरे आहे. तेवढ्यात पट्टा लावून होतो, आरसे पुसून होतात. त्यानंतर गाडी काढावी आणि पहिले चार-पाच किलोमीटर हळू, कमी रेसवर, वरच्या गिअरला न दडपता न्यावी. राळेगणसिद्धीच्या चालकाला तर हे अंतर आयते मिळाले आहे. गावातून निघून वाडेगव्हाणला नगर-पुणे महामार्गाला लागेपर्यंतचा जो आतला रस्ता आहे, तेवढ्यात इंजिन तापून तयार होते. महामार्गावर चढल्यावर मग काय तो वेग घ्यावा.

उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते, याचे कारण सोपे आहे. उभ्या गाडीत इंजिनावर काही ओझे नसते, ते थोडेच डिझेल जाळते आणि त्याची ऊबही थोडीच. लहान डिझेल इंजिन थंडीत नुसते उभे धडधडत ठेवले तर पंधरा मिनिटांनीही सुई म्हणावी तशी उठत नाही. शिवाय तापायचे ते एकटे इंजिन नसते. गिअरबॉक्सचे ऑइल, मागच्या धुऱ्याचे ऑइल, टायर, बेअरिंग हे सगळे रात्रभर गारठलेले असते आणि ते चाके फिरल्याशिवाय तापत नाही. अंगणात पंधरा मिनिटे उभी तापवलेली गाडीसुद्धा पहिल्या गिअरला जड जाते ती यामुळेच. आणखी एक ध्यानात ठेवावे. सुई वर आली म्हणजे पाणी तापले, ऑइल त्याच्या मागून तापते. सुई दिसली की लगेच भरल्या गाडीने चढावर झडप घालू नये.

उलट उभे ठेवण्याने नुकसानच होते. गार इंजिनात जास्तीचे इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ करते. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी चांगली तापून पळावी लागते. रोज उभी धडधडवली की गाळणी काजळीने भरते, दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरचे बिल येते. हे बिल महिन्याचा हप्ता बुडवू शकते.

रोजचा खर्चही लहान नाही. उभे धडधडणारे लहान इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर इंधन पिते. रोज दहा मिनिटे धरली आणि थंडीच्या शंभर सकाळी धरल्या, तर हजार मिनिटे झाली. म्हणजे साडेसोळा तासांहून जास्त. लिटरला नव्वद रुपये धरले तरी साडेसातशे ते दीड हजार रुपये एका मोसमात अंगणातच धूर होऊन गेले. मालकाच्या गाडीवर असलेल्या चालकाला वाटेल की डिझेल मालकाचे आहे, आपल्याला काय? पण महिन्याचा हिशेब मांडताना "गाडी ॲव्हरेज देत नाही" म्हणून मालक बोट कोणाकडे दाखवतो हे चालकांना सांगायला नको.

थोडा जास्त वेळ कोणाला द्यावा? खूप जुन्या डिझेल जीपला, जुन्या ट्रॅक्टरला दोन-तीन मिनिटे द्यावीत. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोची पाती फार वेगाने फिरतात आणि तिथवर ऑइल पोचायला हवे, म्हणून सुरू केल्यावर अर्धे-एक मिनिट रेसला हात लावू नये. आणि घाट चढून, भार ओढून आल्यावर गाडी बंद करण्याआधीही तेवढेच थांबावे. नांगराला जुंपायचा ट्रॅक्टर आधी रिकामा हळू चालवत रानापर्यंत न्यावा, तेवढ्यात तो तापतो. आणि काच दवाने पांढरी झाली असेल तर ती पूर्ण पुसून, दिसू लागेपर्यंत गाडी हलवू नये, मग त्याला दोन मिनिटे लागोत की पाच. वायपरएवढी खिडकी पुसून धुक्यात महामार्गाला लागणारे चालक आम्ही पाहिले आहेत. त्यांना इंजिनाची इतकी काळजी आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याची एवढीशीही नाही.

गाडी सुरू होत नसली की काही जण जुने उपाय काढतात. एअर फिल्टर काढून तिथे पेट्रोलचा बोळा धरणे, चिंध्यांचा टेंभा पेटवून हवेच्या वाटेशी धरणे, टाकीखाली शेकोटी करणे. हे उपाय एखाद्या वेळी चालतात म्हणूनच ते टिकून राहिले आहेत. पण ज्या दिवशी बिनसते त्या दिवशी केबिन, शेजारचा कडबा आणि हात एकदमच पेटतात. आपल्या थंडीत ज्या गाडीला टेंभा लागतो तिचा दोष थंडीत नसतो. तिची बॅटरी, हीटर प्लग, डिझेलचा फिल्टर किंवा दाब यांपैकी काहीतरी गेलेले असते. त्यासाठी मिस्त्री गाठावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मुख्यतः काढला ती सांगतो. गाडी बंद जागेत कधीही चालू ठेवू नये. आपल्याकडे वेगळे गॅरेज कोणाला असते? रिक्षा पडवीत असते, मोटारसायकल घरातच चुलीच्या खोलीशेजारी, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेडला लागून झोपायची खोली. थंडीमुळे खिडक्या लावलेल्या, फटींना गोणपाट कोंबलेले. अशा वेळी गाडी "आतच तापू दे" म्हणून चालू ठेवली तर इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू घरात भरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डिझेलपेक्षा पेट्रोल आणि गॅसच्या इंजिनातून तो अधिक येतो, आणि इंजिन गार असताना सगळ्यात अधिक, कारण तेव्हा इंधन जास्त जाते आणि सायलेन्सरातला शुद्ध करणारा भाग तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे ज्या दहा मिनिटांत आपण गाडी तापवतो तीच दहा मिनिटे सगळ्यात विषारी.

हा वायू रक्तातल्या ज्या लाल घटकाने प्राणवायू शरीरभर जातो त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो आणि तरी त्याचे अंग प्राणवायूवाचून गुदमरत असते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळतात, झोप येते. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. पोटुशी बाई, तान्हे मूल, म्हातारी माणसे आणि हृदयाचे रोगी यांना तो लवकर बाधतो. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त. थंडीच्या सकाळी घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर ती सर्दी समजून पांघरुणात गुरफटून पडू नये. आधी दार उघडावे, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे, इंजिन किंवा शेगडी बंद करावी आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. तिथे प्राणवायू द्यावा लागतो. करोनानंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. त्यावर विसंबू नये. या विषबाधेत ते यंत्र फसते आणि आकडा ठीक दाखवते. डॉक्टरांना "बंद खोलीत गाडी चालू होती" किंवा "कोळशाची शेगडी होती" हे आवर्जून सांगावे, म्हणजे त्यांना दिशा मिळते.

शेगडीचे नाव मुद्दाम घेतले. निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावण्याची आपली जुनी रीत आहे. शेक जरूर द्यावा, पण खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्याआधी निखारे बाहेर काढून. तसेच लांब पल्ल्याचे चालक थंडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपतात. सायलेन्सरला एखादे भोक असले, किंवा गाडी भिंतीला पाठ लावून उभी असली, तर धूर आत येतो. झोपायचे तर इंजिन बंद करून, दोन घोंगड्या जास्त घेऊन झोपावे.

उघड्या अंगणात हा धोका फार कमी होतो, पण धूर राहतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. वस्तीत घरे एकमेकांना खेटून असतात. एकाची गाडी वीस मिनिटे धडधडते तेव्हा सायलेन्सर शेजाऱ्याच्या दाराकडे असतो, आणि दारात त्याची पोरे शाळेची तयारी करत असतात. शेजारीण एखादे वेळी बोलते, एरवी गप्प बसते. तिने बोलायची वेळ येऊ देऊ नये.

गाडी चालू करून चहाला जाणाऱ्यांसाठी कायद्याचेही सांगून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. रिकामी धडधडणारी गाडी रस्त्याकडेला सोडणे कायद्यात बसत नाही. त्यातून कोणी गाडी पळवली तर विमा कंपनीशी वाद घालणे आपल्यासारख्यांना झेपत नाही. आणि केबिनमध्ये चढून गिअरशी खेळणारे पोर कोणाच्याही घरी असते.

सुरू करण्याआधी एक फेरी गाडीभोवती मारावी, हे थंडीत विशेष. रात्री ऊब शोधत मांजर बॉनेटखाली इंजिनावर जाऊन बसते, कुत्रे चाकाला टेकून झोपते. बॉनेटवर दोन थापा मारल्या की निघून जातात. पण माणसांचे जास्त महत्त्वाचे. हा ऊसतोडीचा मोसम. नगर जिल्ह्यात कारखान्यांच्या आसपास कोप्या पडलेल्या असतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. वारा लागू नये म्हणून दमलेली माणसे, बायामुले ट्रॉलीच्या आडोशाला, कधी ट्रॉलीखालीही झोपतात. पहाटे चार वाजता अंधारात ट्रॅक्टर सुरू करणाऱ्याने बॅटरी घेऊन खाली वाकून पाहावे, हाक द्यावी, हॉर्न वाजवावा आणि थोडे थांबूनच मागे घ्यावा. इंजिनाला जे एक मिनिट द्यायचे आहे ते याच कामी लावावे.

बाकी गोष्टी थोडक्यात. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि दाट ऑइलमुळे सेल्फला जोर जास्त लागतो, म्हणून बॅटरीची कसोटी नेमकी डिसेंबरात लागते. टर्मिनलवर पांढरा क्षार चढला असेल तर वायर सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून घट्ट बसवावे. सेल्फ मारताना दिवे, टेप बंद ठेवावेत, क्लच दाबावा. एका दमात दहा सेकंदांवर सेल्फ मारू नये. अर्धे मिनिट थांबून पुन्हा मारावा.

आणि थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून पुष्कळ मिस्त्री ही छोटी वस्तू काढून टाकतात आणि परत बसवत नाहीत. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणे हे तिचे काम. ती नसली की थंडीत इंजिन तासभर चालूनही पुरते तापत नाही, डिझेल जास्त जाते. अशा गाडीचा चालक मग रेडिएटरपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा बांधतो. तो पुठ्ठा दुपारी काढायचा राहिला की गाडी उकळते. पुठ्ठा बांधायची वेळ येत असेल तर मिस्त्रीला आधी हेच विचारावे की थर्मोस्टॅट जागेवर आहे का.

विजेवरच्या गाड्यांना यातले काहीच लागत नाही. २०२४ साली कायनेटिकने लुना पुन्हा विजेवर आणली, तशा इतरही दुचाकी आणि रिक्षा आता तालुक्याच्या रस्त्यांवर दिसतात. त्यांना तापवायचे नसते, धूर नसतो. थंडीत एका चार्जिंगवर त्या थोडे कमी अंतर जातात, एवढे धरून पहाटेच्या खेपेचा हिशेब करावा. चार्जिंगची वायर रात्री दाराच्या फटीत चेंगरत नाही ना, ते झोपण्याआधी पाहून घ्यावे.